आप्पांच्या अँबॅसिडरचं आतलं कापड

…आणि त्या क्लिपा! तुम्हास्नी सांगतो, गाडीच्या दाराला आतनं एक पुठ्ठा असतोय, रेग्झिन लावलेला, आणि तो पुठ्ठा दाराला धरून ठेवतात त्या क्लिपा, करंगळीच्या नखाएवढ्या, आणि त्यातली एक, एक म्हणून सरळ निघाली असंल तर माझं नाव शाम्या न्हाय! चपटी पट्टी घातलो, हळूच उचकटलो, टक! मोडली. दुसरी… टक! तिसरीला म्हटलो बाई गं, तू तरी… टक! अहो, पन्नास वर्सं त्या दारात गप बसलेल्या क्लिपा त्या, कुणाला त्रास न्हाय, कुणाकडं काय मागणं न्हाय, आणि एका सकाळी मी च्या पिऊन त्यांच्या मागं लागलो. उचकटायला कुणी सांगिटलंतं मला?

आता तुम्ही म्हणणार, शामू, तू काय गॅरेजवाला हायस काय? न्हाय हो! विणकर माणूस मी. बेळगावच्या वडगावात घर, घराच्या मागं पावरलूमची शेड, दिवसभर खडाक-खडाक, खडाक-खडाक, त्यामुळं मी जरा मोठ्यानं बोलतोय ते मनाला लावून घेऊ नका. गाडी माझी न्हवं, आमच्या आप्पाची. आप्पा म्हणजे माझा बाप, यमनाप्पा. हातमागावरचा गडी, शहापुरी साडी विणायचा, आणि साड्यांचे गठ्ठे घेऊन संकेश्वर, निपाणी बाजार करायचा, आधी बसनं, मग ही अँबॅसिडर घेतली, निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडनं, जुनीच. मूळचा रंग पांढरा, आता च्यात बुडविलेल्या पावासारखा. आणि तंबाखू! सीटच्या काथ्यात तंबाखू, दारात तंबाखू, काच खाली केली की काचेबरोबर तंबाखू. आमची आई म्हणायची, ही गाडी न्हवं, तुमच्या आप्पाची चालती चंची हाय. खरं इंजिन ठणठणीत बघा, अजून एका हाकेत चालू होतंय, आमच्या घरात हाकेला ओ देणारं तेवढं एकच ऱ्हायलंय.

कारण आप्पाचं डोस्कं गेलंय. डॉक्टर कायतरी लांबडं नाव सांगिटले, मी आपलं विसरायचा आजार म्हणतोय. पहिल्यांदा चष्मा विसरला, मग गल्ली विसरला, मग जेवलेलं विसरला, मग आई गेलेली विसरला, आणि दर चार दिवसांनी विचारायचा, "तुझी आई कुठं हाय रं?" खरं सांगिटलं की नव्यानं रडायचा, जसं काय आत्ताच खबर आल्या. म्हणून आम्ही सांगायचं सोडलो, बाजारला गेल्या म्हणायचो. आणि मग एक दिवस मला विसरला. च्या घेऊन गेलो तर पाय पोटाशी घेऊन भित्तीला चिकटला, म्हणतोय, "कोण तुमी? मीटर बघायला आलाय काय? मीटर भाईर हाय." म्हटलो, आप्पा, मी शाम्या. "व्हय काय? बरं… मीटर भाईर हाय." हसालाय तुम्ही. हसा की, मी पण हसलो. मग शेडमधी जाऊन सगळे माग चालू केलो आणि त्या आवाजात रडून घेतलो, त्या आवाजाचा तेवढा एक उपयोग हाय.

खरं गाडीत! गाडीत बसविलं की आप्पा आप्पा व्हायचा! मागच्या सीटवर, डाव्या अंगाला, खिडकीशी. बसला की एक हात वर घालायचा छताला. छताला आतनं कापड होतं, डाळिंबी रंगाचं, दोन्ही अंगाला काठ, म्हणजे शहापुरी साडीच ती, आप्पानं स्वतः विणलेली. मूळचं कापड फाटलं तवा ही लावल्याली. मी लहानपणापासनं बघतोय, म्हणून कवा नीट बघितलोच न्हाय. तर आप्पा ते कापड चिमटीत धरायचा आणि अंगठ्यानं चोळत बसायचा, विणकराची खोड ती, आमच्यात लग्नात सुद्धा नवरीच्या आधी तिच्या साडीला हात लावून बघतात! चोळत-चोळत एका जागी आला की थांबायचा, तिथंच गोल-गोल अंगठा फिरवायचा, आणि मान वळवून म्हणायचा, "शाम्या, सूत भिजायला घातलायस काय रं?" शाम्या! मीटरवाला न्हवं, शाम्या! मग अर्धा तास सगळं विचारायचा, सूत कुठनं आणलास, माझ्या पोरीचं, आरोहीचं कॉलेज कसं हाय, माझ्या बायकोचं, मनिषाचं गुडघं कसं हाय. रोज संध्याकाळी. बाकी दिवसभर मी त्या घरात पावणा असायचो, आणि त्या अर्ध्या तासापुरता मला बाप असायचा. त्या अर्ध्या तासासाठी मी दिवस ढकलायचो, खरं सांगतो.

मग? उचकटायला कुणी सांगिटलंतं?

सांगतो. पहिला गुन्हेगार छतच. त्या कापडाचे टाके सुटले, तारेवरनं निसटलं, आणि मधीच लोंबायला लागलं, आप्पाच्या डोक्यावर झूल घातल्यासारखं. वरची सगळी धूळ, तंबाखू, गंज, डोळ्यात पडायचं. डोळे लाल, खोकला तर असा की शेडमधी मागाच्या आवाजातनं बी ऐकू यायचा. आमची मनिषा म्हणाली, "अहो, मामंजींच्या डोळ्यात काय काय पडालंय बघा. तुम्हास्नी बाप पायजे का गाडी पायजे?" दुसरी गुन्हेगार आमची आरोही. मोबाईल नाकासमोर धरली, "पप्पा, ह्याला क्लासिक कार म्हणतात, तुम्हाला किंमतच नाही. हे बघा." बघतोय तर कुठल्यातरी देशातला एक गोरा माणूस, हातात मोजे, गाडीचं आतलं सगळं एक-एक करून काढालाय, शिट्टी वाजवत! क्लिप काढतोय, वाटीत ठेवतोय, क्लिप काढतोय, वाटीत ठेवतोय… एक मोडंना हो त्याची! "सोपं आहे पप्पा. आपण आजोबांना सरप्राइज देऊया." सरप्राइज! ज्या माणसाला रोज सकाळी स्वतःचा पोरगा बघून सरप्राइज होतंय, त्याला आणि सरप्राइज! खरं मी बी बघितलो तो गोरा, आणि माझ्या बी मनात आलं, आप्पाला मऊ सीट, सोच्छ छत, खोकला बंद. मी बापासाठी केलो हे सगळं. एवढं ध्यानात ठेवा आणि मग काय शिव्या घालायच्या त्या घाला.

तर क्लिपा मोडून झाल्या. मग काच चढवायचं हँडल. त्याच्या मागं एक स्प्रिंग असत्या, ती कशी काढायची ते त्या गोऱ्यानं दाखविलंतं, खरं ती सुटल्यावर कुठं जात्या ते दाखविलं न्हवतं. माझी गेली समोरच्या भरमाप्पांच्या तुळशीत. मग मागची सीट उचकटलो, आणि देवा रे, काथ्या आणि तंबाखू असा काय ढग उठला, मी शिंकलो, मनिषा शिंकली, गल्लीतनं एक म्हैस चाललीती ती शिंकली! सीटखाली काय काय गावलं: लिंबं वाळून खडे झाल्याली, चार आण्याची नाणी, आईचा एक आकडा केसातला, आणि एक कांडी. कांडी म्हणजे विणायचं सूत गुंडाळायची नळी, आई भरून द्यायची आप्पाला, तिच्यावर अजून डाळिंबी सूत होतं. मी ती कांडी खिशात घातलो आणि पुढं उचकटत ऱ्हायलो. आता वाटतंय, तिथंच थांबायचं होतं. सीट परत ठेवून, दार लावून, गप बसायचं होतं.

खरं काढलेलं परत कोण बसविणार? त्या गोऱ्याला दोन्ही येतंय, मला एकच. म्हणून मग पिरनवाडीला, भरमाकडं. हा भरमा वेगळा, तुळशीवाले भरमाप्पा न्हवंत. हा गाडीच्या गाद्या करतोय, कुशनवाला. पिरनवाडीला न्यायची गाडी, आणि सीट तर सगळ्या मी काढून बसलोय! तेलाचा रिकामा डबा ठेवलो, त्याच्यावर बसून चालविलो. ब्रेक मारला की डबा पुढं, मी मागं. सिग्नलला शेजारी रिक्षावाला आत वाकून बघालाय, "काय सावकार, गाडी हाय का मोरी हाय?" हसलो आपलं.

भरमा बघितला गाडी, फिरला भोवतीनं, आत डोकं घातला, शिंकला, आणि म्हणाला, "सावकार, काय काळजी करू नका. नवरी करून देतो." बिस्किट कलरचं रेग्झिन दाखवला, "लई रॉयल दिसतंय बघा, मंत्र्याच्या गाडीला हेच." सीटला काथ्या नको, फोम. दाराला नवा पुठ्ठा, नव्या क्लिपा, पिशवीभर. छताला फोमचंच गुळगुळीत कापड, ओळखू येणार न्हाय असं. मग त्यानं छताचं जुनं कापड धरलं एका टोकाला आणि ओढलं, टर्र-र्र-र्र करून आलं सगळं खाली, डाळिंबी ढीग. "हे काय, टाकू न्हवं?" म्हणाला. मी फोमचा रंग बघण्यात. म्हटलो, टाक.

काय झालंतं मला? सूत भिजलंय का न्हाय ते वासावरनं सांगणारा माणूस मी, आणि माझ्या बापाच्या हातची साडी समोर पडल्या आणि मी बिस्किट कलर बघालोय! उचकटायला कुणी सांगिटलंतं ते सोडा हो, टाक म्हणायला कुणी सांगिटलंतं?

गाडी आली. नवरी म्हणजे नवरीच. नारळ फोडला, हार घातला, चाकाखाली लिंबू. गल्ली जमली. सीटवरचं प्लास्टिक काढायचं न्हाय म्हणून मनिषानं बजावलंतं, नवीन हाय, चार दिवस ऱ्हाऊ दे. आप्पाला धुतलेलं धोतर, टोपी, गंध लावून आणलो हाताला धरून. आरोही मोबाईल धरून सज्ज, आजोबांचा चेहरा टिपायचा म्हणून. आप्पा आत बसला. चर्र… प्लास्टिक वाजलं. आप्पा दचकला. इकडं बघितला, तिकडं बघितला. मग हात वर घातला. मी पुढच्या सीटवरनं मागं वळून बसलोय, तोंडभर हसू घेऊन, आता म्हणंल, आता म्हणंल, शाम्या… अंगठा फिरालाय छताला, घसरालाय. पुढं गेला, मागं गेला, कोपऱ्यात गेला, परत आला. घसरतोयच. हात खाली घेतला, मांडीवर ठेवला, आणि लई अदबीनं, बघा, लई अदबीनं म्हणाला, "गाडी चांगली हाय. कुणाची?"

"आपलीच की, आप्पा!"

"आमची न्हवं. आमच्या गाडीला आमचं कापड हाय." आणि माझ्याकडं बघितला, मीटरवाल्याकडं बघायचा तसं बी न्हाय, जरा विश्वासानं, आणि म्हणाला, "डायवर, तुमी आम्हास्नी जरा वडगावला सोडशीला काय? घरात वाट बघत असतील."

वडगावला! वडगावात, आमच्याच दारात, हार घालून उभी हाय गाडी! आरोहीनं मोबाईल खाली घेतला. मी काय करणार? गाडी चालू केलो. खासबागपर्यंत गेलो, शहापूरकडनं वळलो, परत आमच्या दारात आणून उभी केलो आणि म्हटलो, "आलं वडगाव." आप्पा उतरला, माझे हात धरला दोन्ही, म्हणाला, "लई उपकार झाले तुमचे." जन्मभर मला 'अरे शाम्या, गाढवा' म्हणणारा माणूस, मला 'तुमचे' म्हणालाय! त्या गाढवासाठी माझा जीव असा तुटला, काय सांगू तुम्हास्नी.

मला वाटलं, होईल सवय. दुसऱ्या दिवशी बसविलो. डायवर. तिसऱ्या दिवशी प्लास्टिक फाडून टाकलो. डायवर. निपाणीचा तंबाखू आणून सीटखाली टाकलो, वास तरी येऊ दे म्हणून. आप्पा म्हणतोय, "डायवर, तुमी तंबाखू खाताय काय? सोडा हो, बायकापोरं असतील तुमास्नी." घरात मीटरवाला, गाडीत डायवर, आणि शाम्या? शाम्या कुठंच न्हाय. दोन्हीकडनं गेला.

आणि डायवर झाल्यावर मला कळलं हो. त्याच्या आधी न्हाय! पोराला बाप कशाला सांगंल, डायवरला सांगिटला. एकदा काकतीकडं फिरवून आणालतो, हायवेला मोकळं वारं, आप्पा खुशीत होता, आपणहून बोलायला लागला. "आमच्या गाडीला वर साडी हाय. माझ्या हातची. व्यापाऱ्यानं परत केलती, खोट हाय म्हणून."

म्हटलो, "कसली खोट जी?"

"माझं पोरगं हाय, शाम्या. रांगत होतं तवा. खड्ड्यातला माग आमचा, जमिनीबरोबर ताणा, सगळे उभे धागे ताणून बसविलेले. मी पाणी प्यायला उठलो तेवढ्यात आलं रांगत आणि घातला की हात ताण्यात! मूठ वळली, वडलं, धागे तटातटा! आमची मंडळी दिवसभर बसली, एक-एक धागा सांधला. खरं गाठी त्या गाठीच. व्यापारी म्हणाला, नको. मी म्हटलो, नको तर नको, मला बी इकायची न्हाय. गाडीला लावली वर. बाजारला निघालो की हात वर घालायचा… पोराची मूठ गावत्या. बरं वाटतंय."

मी गाडी कडेला घेतलो. आप्पा म्हणतोय, "काय झालं डायवर? तापली काय गाडी?" व्हय म्हटलो, तापल्या, जरा थांबूया. उसाचे ट्रक चाललेत बाजूनं, धडधड करत, आणि मी स्टेअरिंगवर डोकं ठेवून बसलोय. ती जागा, जिथं अंगठा थांबायचा, गोल-गोल फिरायचा, ती माझी मूठ होती हो! ती हाताला लागली की मी आठवायचो त्याला. आणि ती मी, पैज लावल्यासारखं हट्टानं, तेलाच्या डब्यावर बसून, पिरनवाडीला नेऊन टाकून आलतो.

आप्पाला घरी सोडलो आणि तसाच भरमाकडं पळालो. भरमा, ते कापड! "कुठलं?" डाळिंबी! "ते व्हय?" डोकं खाजवतोय, आत जातोय, बाहेर येतोय, "सावकार, ते सोल्युशन पुसायला घेतलो की. बाकीचं अंघोळीच्या चुलीला गेलं. तुम्हीच टाक म्हटलाय न्हवं?" मीच म्हटलोय. त्याचं काय चुकलं? एक तुकडा दिला काढून, डिंक चिकटून पापडासारखा कडक, काठाचा हाय का पोटाचा तेसुद्धा कळंना. आप्पाच्या हातात दिलो तर मोडला चरचर, आणि बाहेर टाकला.

मग मी म्हटलो, आरं, मी विणकर हाय! जगात कुणाचं कापड गेलं तर तो रडत बसंल, मी विणीन! हीच ती माझी हुशारी बघा, गावात दुसऱ्या कुणाला सुचली नसती, विणकरालाच सुचणार. कांडी होतीच खिशात आईची, त्यावरनं रंग जुळवलो, डाळिंबी डाळिंबीला लावून बघितलो, उन्हात बघितलो, सावलीत बघितलो. काठ तोच. पावरलूमवर चढवलो, कारण हातमाग आता आमच्या घरात न्हाय, सगळ्यांनी काढला तवा आम्ही बी काढला, आणि खड्डा बुजवून तिथं फरशी घातल्या. विणत आलो निम्म्यात आणि माग बंद केलो. आणि पन्नाशीचा गडी, टक्कल पडलेला, गुडघं दुखणारा, ताण्यासमोर उभा ऱ्हायलो आणि घातलो मूठ आत! वडलो! तटातटा तुटले. मनिषा दारात उभी, तिला वाटलं बापाच्या मागोमाग ह्याचं बी गेलं. "अहो! अहो, काय करालाय!" म्हटलो, बस. सांध. "मी?" तूच. आईनं सांधलंतं, तू सांध. ती रडत-रडत, मला शिव्या घालत, एक-एक धागा सांधत बसली, गुडघं दुखणारी बाई, फरशीवर. एवढी सोन्यासारखी खोट बेळगावात कुणी पाडली नसंल मुद्दाम.

भरमा आला घरी, बिस्किट कलरचं छत उचकटला, म्हणतोय, "सावकार, मंत्र्याचं काढून हे लावायचं?" लाव म्हटलो. गाठीची जागा बरोब्बर मागं, डाव्या अंगाला, खिडकीशी, आप्पाचा हात जातोय तिथं. सगळं लागलं. बघणाऱ्याला वाटंल जुनंच. मला वाटलं, मला!

आप्पाला आणलो. ह्या बारीला हार न्हाय, नारळ न्हाय, मोबाईल न्हाय. बसला. हात वर गेला. चिमटीत धरला. अंगठा चालला… पुढं आला, पुढं आला, गाठी लागल्या. थांबला! थांबला हो! गोल-गोल फिरवायला लागला. ओठ हलले. मी म्हटलो, आप्पा… तो डोळे मिटून फिरवतोय, फिरवतोय, एक-एक गाठ मोजल्यासारखी चाचपतोय. मग हात काढून घेतला हळूच.

"कापड मशीनचं हाय," म्हणाला. "गाठी चांगल्या मारल्यात, बाई गुणाची हाय कोणतरी."

मनिषा दाराशी उभी, तिनं तोंडावर पदर घेतला.

"खरं हात लई मोठा हाय, डायवर. माझं पोरगं बारकं हाय."

झालं. संपलं. एवढीशी मूठ आता मी कुठनं आणू, सांगा की! आहे काय कुठल्या दुकानात, कुठल्या गोऱ्याच्या वाटीत? उचकटायला कुणी सांगिटलंतं मला, कुणी सांगिटलंतं…

आता काय न्हाय. आता मी डायवर हाय. सुरवातीला सांगायचो, आप्पा मी डायवर न्हवं, मी शाम्या. तर घाबरायचा, दार उघडायला बघायचा चालत्या गाडीत. आता म्हणतो, व्हय जी. त्यात बी कायतरी हाय बघा. पोरगा होतो तवा आप्पा कवा शेजारी बसवून बोलला न्हाय. डायवरला सगळं सांगतोय. आईला पहिल्यांदा कुठं बघितला ते सांगिटला. लाजला सुद्धा! परवा तर उतरताना म्हणाला, "जेवून जावा डायवर." आणि आत वर्दी दिला, "अंजनी, डायवरला वाढ गं." अंजनी म्हणजे आई. मनिषानं गप सोप्यात पाट मांडला, आणि मी, माझ्याच घरात, चपला भाईर काढून, सोप्यात बसून पावण्यासारखा जेवलो. आप्पा समोर बसून बघत होता. "लाजू नका, आणि एक भाकरी घ्या." घेतली की.

फक्त एक हाय. रोज परतताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो की आप्पा मागनं माझ्या खांद्यावर हात ठेवतोय, "डायवर, हितनं जरा हळू घ्या. माझं पोरगं असतंय रस्त्यावर, बारकं हाय, येतंय आडवं एकदम." मी घेतो हळू. लई हळू घेतो, चालत्या माणसापेक्षा हळू. मागं रिक्षा, मोटारसायकली, सगळे हॉर्न मारालेत, शिव्या घालालेत, "ओ सावकार, गाडी बंद पडली काय?" न्हाय पडली. घालू देत शिव्या. मी दोन्ही अंगाला बघत-बघत येतो… आला तर आला बाबा, शाम्या.